परदेशी मुक्काम : कात्रप

“परदेशात किती दिवस?” स्टुटगार्टच्या रोजगार कार्यालयातल्या बाईंनी कीबोर्डवरून नजर न उचलता विचारलं.

“चार महिने.”

“कुठे?”

मी कात्रप म्हणणार होतो. मग बदलापूर, मग मुंबई, असं मनातल्या मनात करत शेवटी ‘भारत’ म्हणालो. त्यांनी एक कळ दाबली. ज्या घरात मी वयाच्या चौथ्या वर्षापासून वाढलो, जिथे माझ्या दहावीच्या वह्या अजून पलंगाखालच्या पेटीत आहेत, ते घर जर्मन सरकारच्या दफ्तरी परदेश म्हणून नोंदलं गेलं आणि १६ मे २०२५ पासून माझा बेकारी भत्ता थांबला.

म्हणजे मीच थांबवला. ही एवढीशी गोष्ट कात्रपमधल्या चार महिन्यांत मी कुणालाही धड समजावू शकलो नाही, म्हणून लिहायला बसलोय.

नोकरी गेली ती २७ सप्टेंबर २०२४ ला, शुक्रवारी. आठ वर्षं मी एका कंपनीत डिझेल गाड्यांच्या इंधनपंपांच्या चाचण्या घेत होतो. डिझेलचे दिवस भरत आले हे आम्हा सगळ्यांनाच दिसत होतं. पण घर गळतंय हे दिसणं वेगळं आणि छप्पर अंगावर येणं वेगळं. आठ वर्षांच्या नोकरीला तीन महिन्यांची नोटीस, म्हणजे डिसेंबरअखेर मोकळा. पत्र हातात पडल्यापासून तीन दिवसांत रोजगार कार्यालयाला कळवावं लागतं, नाहीतर भत्त्याचा एक आठवडा कापला जातो. स्वतःहून राजीनामा दिला असता तर बारा आठवडे कापले असते. मी शनिवारी सकाळीच ऑनलाइन कळवून टाकलं. बायको म्हणाली, “अरे, आधी चहा तरी पी.”

या पैशाला तिकडे आर्बाइट्सलोझेनगेल्ड म्हणतात. नाव लांबलचक, अर्थ साधा : बेकारीचा पैसा. १९२७ च्या कायद्याने सुरू झालेला हा विमा आहे, खैरात नाही. दर महिन्याच्या पगारातून सव्वा-दीड टक्का माझा जायचा, तेवढाच कंपनीचा. दोन वर्षांहून जास्त विमा भरलेला असेल आणि वय पन्नाशीच्या आत असेल तर बारा महिने पैसे मिळतात. हातात पडणाऱ्या पगाराच्या साठ टक्के, मूल असेल तर सदुसष्ट. कार्यालय महिना तीस दिवसांचा धरतं. त्यामुळे माझ्या पहिल्या पत्रात बारा महिने असं न लिहिता ३६० दिवस असं लिहिलेलं होतं. हा आकडा मी फ्रिजवर लावला. माझ्या नावावर कुणी ३६० दिवस लिहून दिल्याची आयुष्यातली ती पहिलीच वेळ.

अट एकच, पण चिवट. पैसे घेणारा माणूस कामासाठी उपलब्ध असला पाहिजे. आज पत्र आलं, उद्या मुलाखतीला या म्हटलं, तर जाता आलं पाहिजे. वर्षाला तीन आठवडे परवानगी काढून बाहेर जाता येतं. सहा आठवड्यांपेक्षा जास्त सलग बाहेर राहणार असाल, तर पहिल्या दिवसापासूनच काही मिळत नाही. पण, आणि हा ‘पण’ मला उशिरा कळला, नाव काढून घेऊन गेलात तर उरलेले दिवस जिथल्या तिथे राहतात. परत यायचं, नव्याने नाव नोंदवायचं, तिथून पुढे मोजणी सुरू. हक्क उभा राहिल्यापासून चार वर्षांत तो वापरला म्हणजे झालं.

जानेवारीपासून मे महिन्याच्या मध्यापर्यंत १३५ दिवस वापरले होते. अर्ज साठेक केले असतील. मुलाखती सात. स्टुटगार्ट परिसरात एकाच वेळी माझ्यासारखे इतके जण डिझेलमधून बाहेर पडले होते, की एका मुलाखतीच्या बाकावर माझ्या शेजारी माझाच जुना साहेब बसला होता.

मुलगी पाच वर्षांची. पुढच्या सप्टेंबरात ती शाळेत जाणार, आणि जर्मनीत शाळा ही सक्तीची गोष्ट आहे. सुट्टी सोडून मूल आठवडाभर बाहेर नेलं तर दंड होतो. सुट्ट्यांच्या तोंडावर विमानतळावर पोलिसांनी पालकांना अडवल्याच्या बातम्या तिथल्या पेपरात दरवर्षी येतात. म्हणजे आजी-आजोबांकडे सलग चार महिने राहायची तिची ही शेवटची संधी होती. माझी तर केव्हाच संपली असं मी धरून चाललो होतो. अकरा वर्षांत मी आठ वेळा बदलापूरला आलो. दर वेळी कुणाचं लग्न, कुणाचं ऑपरेशन, एकदा तेरावं. तीन आठवड्यांच्या वर कधीच नाही. या वेळी घरात कुणी आजारी नव्हतं, कुणाचं लग्न नव्हतं. यायला कारणच नव्हतं. मला तसंच यायचं होतं.

बायकोची नोकरी चालू होती. तिच्या पगारात घर चालत होतं, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं मोठ्या त्यागाची गोष्ट वाटेल. भत्ता थांबल्यावर माझा आरोग्यविमा तिच्या विम्याखाली आला, कुटुंबीय म्हणून, जादा पैसे न देता. तो भारतात चालत नाही म्हणून प्रवासाचा वेगळा विमा काढला. ती ऑगस्टअखेर गणपतीला येणार होती. तोवर मुलगी आणि मी.

बाबांना फोनवर सांगितलं तर पलीकडे बराच वेळ शांतता.

“चालू पैसा कोण बंद करतं?” ते म्हणाले.

“बाबा, बंद नाही. थांबवतोय. नंतर परत सुरू होतो.”

“असं त्यांनी सांगितलं?”

“कायद्यातच आहे तसं.”

“कायद्यात तर काय, सगळंच असतं.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “तू न सांगताच ये ना. तिकडे कोण बघतंय?”

हा विचार माझ्या मनात आला नव्हता असं म्हटलं तर खोटं होईल. पैसे खात्यात जमा होत राहतात, पत्रं शेजाऱ्याने उघडून फोटो पाठवायचे, असे उद्योग करणारे मला माहीत आहेत. त्यातल्या एकाचं भांडं फुटलं. दुसऱ्या दिवशी हजर व्हा असं पत्र आलं तेव्हा तो पुण्यात हुरडा खात होता. सगळे पैसे परत भरावे लागले. पण मला भीतीपेक्षा वेगळीच गोष्ट नडली. चार महिने फोनकडे बघत, कार्यालयाचा ईमेल आला की छातीत धस्स होत, मला आईच्या हातची भाकरी खायची नव्हती. बेकारीतही मला खरीखुरी सुट्टी हवी होती. सुट्टी घ्यायची तर आधी कामावर हजर असावं लागतं, आणि बेकारी हे तिथे हजेरीचंच काम आहे.

१७ मेच्या सकाळी आम्ही कात्रपला पोहोचलो. मी मुलीला उन्हाळ्याची गोष्ट सांगून आणलं होतं : गच्चीवर झोपायचं, आंबे, कैरीचं पन्हं. नऊ दिवसांनी, २६ मेला, मान्सून मुंबईत आला, पंचाहत्तर वर्षांतला सगळ्यात लवकर. गच्चीवरच्या झोपण्याचे फक्त चार दिवस मिळाले. जर्मनीतले लोक ज्याला उन्हाळा म्हणून वर्षभर जपून ठेवतात ते जून, जुलै, ऑगस्ट आमच्याकडे छत्रीचे महिने. माझा लांबलेला परदेशी उन्हाळा सगळा ओलाच गेला. समोर चंदेरीचा डोंगर दिसतो. मुलीने पहिल्या आठवड्यात तो पाहिला आणि नंतर तो ढगात गेला तो थेट सप्टेंबरात बाहेर आला. मधल्या काळात ती रोज सकाळी विचारायची, “डोंगर आला का?”

जांभळं मात्र मिळाली. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे स्टेशनबाहेर द्रोण घेऊन बसणाऱ्या बाईच्या आवाजातही जरा रुबाब आलाय. मुलीची जीभ जांभळी झाली तेव्हा तिने आरशासमोर उभं राहून जर्मनमध्ये किंकाळी फोडली. आठवड्याभरात ती ‘पाणी आलं’ आणि ‘लाइट गेली’ ही दोन वाक्यं शुद्ध बदलापुरी ठसक्यात बोलायला लागली.

लोकांचं काय सांगू? कात्रपमध्ये पुरुष माणूस कामाच्या दिवशी सकाळी साडेदहाला हाफ पँटवर पेट्रोल पंपापाशी दिसला, की त्याची तीनच कारणं असू शकतात : आजारी आहे, रात्रपाळी आहे, किंवा नोकरी गेली. मी ठणठणीत, पाळी नाही. उरलं एकच. त्यात मी मुलीची वेणी घालून तिला सोबत घेऊन फिरणारा. “सुनबाई नाही आल्या?” “त्यांची नोकरी आहे.” “आणि तुमची?” इथे माझी जीभ अडखळायची. पहिल्या दिवशी मी ‘सुट्टीवर आलोय’ म्हणालो आणि स्वतःचाच राग आला. दुसऱ्या दिवशी खरं सांगितलं, तर खालच्या मजल्यावरच्या काकूंनी इतक्या मायेने माझ्या हातात नारळाची वडी ठेवली, की कुणी गेल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवसापासून बाबांनीच सूत्रं हातात घेतली. ते सगळ्यांना सांगायला लागले, “भरपगारी रजेवर आहे. कंपनीनेच पाठवलंय.”

“बाबा, पगार नाहीये आणि कंपनीही नाहीये.”

“त्यांना काय करायचंय?”

बाबा खोटं बोलणाऱ्यातले नाहीत. म्हणून मला ते लागलं, आणि म्हणूनच मागचं आठवलं.

आमचं मूळ गाव सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी पट्ट्यातलं. १९७२ ला आजोबांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली. काम मागणाऱ्याला काम द्यायचंच, हा रोजगार हमीचा विचार त्याच मातीतला, वि. स. पागे यांनी आमच्याच जिल्ह्यात, तासगावला, त्याचा प्रयोग आधी करून पाहिला होता. १९७७ च्या कायद्यात तर असंही होतं, की पंधरा दिवसांत काम देता आलं नाही तर सरकारने बेकारी भत्ता द्यायचा. आजोबांनी तो घेतल्याचं घरात कुणाला आठवत नाही. खडी आठवते.

बाबा १९७८ ला अंबरनाथच्या एका कारखान्यात लागले. तेव्हा अंबरनाथमध्ये काम मिळणं म्हणजे तिथली चाळ, तिथलीच सोयरीक, तिथलाच गणपती. १९९३ ला कर्ज काढून कात्रपला वन रूम किचन घेतलं; शेजारी अर्धे लालबाग-परळचे. ८२ च्या संपानंतर गिरण्यांतून बाहेर पडलेले, मुंबईत जागा परवडेना म्हणून गाडीचं शेवटचं टोक गाठलेले. १९९७ ला बाबांचा कारखाना बंद झाला. नोटीस गेटवर लागली. टाळं ठोकलं होतं, पण कायद्याने कारखाना बंद नव्हता, त्यामुळे कामगार ना कामावर ना कामावरून काढलेले. युनियनने गेटसमोर ताडपत्री ताणली आणि सगळे पाळीप्रमाणे तिथे बसायला लागले. बाबांची दुसरी पाळी. दुपारी दोनला डबा घेऊन निघायचे, तीन ते अकरा ताडपत्रीखाली बसायचे, शेवटच्या गाड्यांपैकी एकीने परत. दीड वर्ष. मला आठवतं, कारण डबा पोळी-भाजीवरून पोळी-चटणीवर आला ते मी भरताना बघायचो.

आई त्या काळात उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांचे धागे कापायची. गठ्ठा घरी यायचा, कात्री आमची. निळी धूळ घरभर. आमची अंथरुणं, भिंती, माझी कंपासपेटी, सगळ्यावर एक निळी झाक. नगावर पैसे. आईच्या उजव्या अंगठ्याच्या पेरावर अजून गाठ आहे. माझी मुलगी ती गाठ दाबून विचारते, “आजी, हे काय?” आई म्हणते, “जीन्स पँट.”

त्या दीड वर्षात बाबांना कुठूनही एक रुपया भत्ता मिळाला नाही. मिळण्यासारखं काही नव्हतंच. पगारातून ईएसआयची वर्गणी एकोणीस वर्षं कापली गेली होती. ईएसआयचा कायदा १९४८ चा. पण तो आजारपण, बाळंतपण, अपघात यांचा विमा. कारखाना बंद पडून काम गेलेल्याला भत्ता देणारी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना त्यात आली १ एप्रिल २००५ ला. बाबा तोवर एका सोसायटीत वॉचमन होते.

आमच्या घरी फावल्या वेळी बोलायचे विषय म्हणजे हे नव्हेत. पण या वेळी वेळच वेळ होता, आणि वर पाऊस. जूनच्या शेवटी खालच्या काकूंचा मुलगा वर आला. सत्तावीस वर्षांचा, बदलापूर एमआयडीसीत कंत्राटदारामार्फत पॅकिंगला होता. मार्चअखेर त्याचं काम गेलं. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, की ईएसआयचे पैसे मिळतात. “दादा, तुम्ही तिकडचे घेताय ना, मग तुम्हाला इकडचं पण कळत असेल.”

मला इकडचं काही कळत नव्हतं. दोन संध्याकाळी बसून दोघांनी मिळून वाचलं. अटल बिमित व्यक्ती कल्याण योजना. १ जुलै २०१८ पासून आहे. आधी सरासरी रोजच्या पगाराच्या पाव हिस्सा देत, कोरोनात २४ मार्च २०२० पासून तो निम्मा केला. जास्तीत जास्त ९० दिवस. आयुष्यात एकदाच. काम जाऊन ३० दिवस झाले की अर्ज करायचा, मालकाची सही लागत नाही, ऑनलाइन होतो. आधार, बँकेच्या पासबुकाची प्रत. त्याचा पगार सोळा हजार. म्हणजे रोजचे दोनशे सहासष्ट रुपये धरले तर नव्वद दिवसांचे चोवीस हजार. त्याने मोबाइलवर हिशेब केला, मग पुन्हा केला. “आयुष्यात एकदाच” ही ओळ मी दोनदा वाचली. काकूंच्या मुलाचं वय सत्तावीस. अजून एकतीस वर्षं नोकरी करायचीय.

शेवटी एक अट राहिली. काम जाण्याच्या आधीच्या वर्गणीच्या सहामाहीत, म्हणजे त्याच्या बाबतीत ऑक्टोबर ते मार्च, किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. आणि त्याआधीच्या तीन सहामाहींपैकी एकीत तेवढीच. आम्ही त्याचा विमा क्रमांक टाकून नोंद उघडली. आधीच्या सहामाहींत भरपूर होते. ऑक्टोबर ते मार्च : ६१.

“सहा महिने पूर्ण काम केलंय दादा. दसरा सोडला तर खाडा नाही.”

मग उलगडा झाला. ऑक्टोबरला कंत्राटदार बदलला होता. नव्याने पहिले साडेतीन महिने रोख पगार दिला आणि नाव चढवलं ते जानेवारीच्या मध्याला. काम तेच, गेट तेच, टेबलही तेच. फक्त तो कागदावर नव्हता. सतरा दिवस कमी पडले.

मी तावातावाने म्हणालो, तक्रार करू. शाखा कार्यालयात लेखी देऊ, हजेरीचं कार्ड असेल, सोबतचे साक्षीला येतील. जर्मनीत अकरा वर्षं राहून माणसाला एक वाईट सवय लागते : कागदाचं उत्तर कागद देईल असं वाटायला लागतं. तो हसला नाही, चिडलाही नाही. “दादा, तोच कंत्राटदार अजून तीन कंपन्यांत माणसं देतो. तक्रार केली तर मानकिवलीच्या एमआयडीसीत मला कोण उभं करेल?” लॅपटॉप मिटायच्या आत लाइट गेली. माझी मुलगी आतून ओरडली, “लाइट गेली!”

जुलैपासून तो घरपोच सामान पोहोचवायला लागला. पावसात, हप्त्यावर घेतलेल्या स्कूटरवर. त्या कामात ना ईएसआय ना कागद.

हे सगळं बाबा पलंगावर बसून ऐकत होते. त्या रात्री जेवताना त्यांनी पहिल्यांदा मला नीट विचारलं, “तुझं ते थांबवलेलं, त्याचा कागद आहे का?” मी फोनवर दाखवला. जर्मन त्यांना वाचता येत नाही, पण आकडा येतो. १३५ वजा, २२५ बाकी. त्यांनी बोट ठेवून बघितला. मग उठून पेटी ओढली, माझ्या दहावीच्या वह्यांखालून एक प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात त्यांचा हिशेबाचा कागद होता. २००६ चा. नऊ वर्षांनी कोर्टकचेरी होऊन मिळालेली भरपाई : सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, एकोणीस वर्षं. औद्योगिक विवाद कायद्याचं माप तेच होतं.

मी थक्क झालो ते दुसऱ्याच गोष्टीने. मला कंपनीने जाताना जी रक्कम दिली तिचं मापही तेच : वर्षाला अर्धा महिना. जर्मन कायद्यातही तोच आकडा आहे. बाप-लेकांना दोन देशांत एकाच पट्टीने मोजलं होतं. फरक एवढाच, की माझे पैसे डिसेंबरच्या पगारासोबत खात्यात आले आणि बाबांचे आले तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. १९९७ च्या पगाराचे पंधरा दिवस २००६ साली. त्यातून माझी इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी भरली होती, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

म्हणूनच बाबांना ‘थांबवणं’ कळत नव्हतं. त्यांच्या आयुष्यात थांबलेली कुठलीच गोष्ट आपोआप परत सुरू झाली नाही. कारखान्याचा भोंगा थांबला तो थांबलाच. खरं तर पैसे मिळतात का, किती मिळतात, हा प्रश्न मला आता दुय्यम वाटतो. जी गोष्ट माझ्या हाताने बंद करून माझ्याच हाताने चालू करता येते ती माझी. काकूंच्या मुलाच्या नावावर ६१ दिवस होते, पण ते त्याचे नव्हते. कंत्राटदाराने चढवले म्हणून होते.

आणि माझंही काही अगदी फुकट नव्हतं. हे चार महिने ‘सुरक्षित ठेवले’ म्हणतो खरा, पण परत जाऊन महिन्याभरात नोकरी लागली, तर ते दिवस वापरलेच जाणार नाहीत. म्हणजे हिशेबाने गेलेच. बायोडेटात खड्डा पडला तो वेगळा. एका मुलाखतीत मला विचारतीलही, मे ते सप्टेंबर काय करत होता? उत्तर तयार आहे : कात्रपला होतो. पुढचं त्यांनी विचारावं.

त्याआधी, ९ जूनला, मुंब्र्याजवळ वळणावर दोन लोकल एकमेकींशेजारून जाताना दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले, काहींचे जीव गेले. माझा शाळेतला मित्र त्याच वेळेच्या गाडीने जातो. आधी त्याचा फोन लागेना. दहा वाजता लागला. तो सुखरूप होता, कारण ‘डाउन करून’ बसायला तो कर्जतकडे उलटा गेला होता. बदलापूरहून बसायला मिळत नाही म्हणून रोज उलट्या दिशेने जाऊन त्याच गाडीत बसून परत यायचं. हे आमच्याकडे वर्षानुवर्षं चालतं. “सुट्टी टाक आज,” मी म्हणालो. “मेडिकल संपल्यात,” तो म्हणाला आणि गेला. बदलापूर ते सीएसएमटी अडुसष्ट किलोमीटर. त्याला मी भत्ता थांबवण्याची गोष्ट सांगितलीच नाही.

बाकीचे दिवस साधे गेले. मुलीला घेऊन बॅरेजवर उल्हास नदीचं पाणी बघायला जाणं, आईबरोबर भाजीला जाणं, बाबांच्या गोळ्यांचा डबा भरणं. बाबा दुपारी दोनला अजूनही जागे होतात आणि कपडे बदलून खुर्चीत बसतात. अकरा वर्षांत मी कधी दुपारी दोनला घरी असा नव्हतो, म्हणून हे मला ठाऊक नव्हतं. दुसरी पाळी. २७ ऑगस्टला गणपती बसले, बायको दोन दिवस आधी आली. मुलीने तिला स्टेशनपासून घरापर्यंत रिक्षात सगळं मराठीत सांगितलं आणि मधेच “आई, तुला कळतंय ना?” असं विचारलं. अनंत चतुर्दशीला ढग फाटले आणि चंदेरी दिसला. “डोंगर आला!”

निघताना काकूंनी विचारलं, “आता परत रजा कधी?” बाबा शेजारीच उभे होते. म्हणाले, “रजा नव्हती. नोकरी गेलीय त्याची. बेकारीचे पैसे मिळतात तिकडे, ते थांबवून आला होता.” काकूंना काहीच कळलं नाही. बाबांनी ते पुन्हा एकदा सांगितलं, सावकाश, मुद्देसूद, दिवसांच्या आकड्यांसकट. माझ्यापेक्षा बरं सांगितलं.

१६ सप्टेंबरला, मंगळवारी, मी स्टुटगार्टच्या त्याच इमारतीत जाऊन पुन्हा नाव नोंदवलं. बाई वेगळ्या होत्या. “परदेशातून कधी आलात?” त्यांनी विचारलं. “रविवारी.” एक कळ. आठवड्याभरात पत्र आलं. शिल्लक : २२५ दिवस. मी फोटो काढून बाबांना पाठवला. तासाभराने त्यांचं उत्तर आलं, काकूंच्या मुलाकडून टाइप करून घेतलेलं : ‘एकपण दिवस कापला नाही?’

‘नाही,’ मी लिहिलं.